चिठ्ठीवरचा शब्द

हे मी आजवर कुणापुढं बोललेले नाही. नवऱ्यापुढं नाही, आईपुढं नाही, आणि ज्याचं मी नुकसान केलं त्याच्यापुढं तर नाहीच. गावाकडं बिरोबाच्या देवळात गेले तरी मी हात जोडते आणि लगेच मागं फिरते. जास्त वेळ उभी राहिले तर तोंडातनं निघून जाईल अशी धास्ती वाटते. तुम्हाला सांगतेय, कारण तुमची-माझी ओळख नाही, ऐकताना तुमचं तोंड कसं होतंय ते मला दिसणार नाही. म्हणून जमेल असं वाटतं. बघू.

माझं शिक्षण सातवी. सातवीसुद्धा पुरी नाही. त्यामुळं नीट ओळीनं सांगता येईल की नाही, ठाऊक नाही. खरं तर एका ओळीत सांगून व्हावं इतकंच आहे ते — पण ती ओळ जवळ आली की हात थांबतो आणि मी दुसरंच काहीतरी लिहायला लागते. आताही तेच करणार आहे. सांभाळून घ्या.

मी मूळची भूम तालुक्यातली. धनगराचं घर, मेंढरं हेच आमचं शेत. गेली बारा वर्षं हैदराबादला आहे. आमचे मालक एका गोदामावर राखण करतात आणि मी डोळ्यांच्या दवाखान्यात आया आहे. फरशी पुसते, पेशंट रांगेत बसवते, डोळ्यात थेंब घातलेल्या म्हाताऱ्यांना हात धरून बाथरूमपर्यंत नेते. काम चांगलं आहे. इथल्या मोठ्या मॅडमनी मला काही न विचारता कामावर घेतलं. तेलुगू येत नव्हतं तेव्हा खुणा करून शिकवलं. माझ्या पोरीचा शाळेचा दाखला अडकला तर स्वतः फोन लावला. त्यांचे उपकार माझ्यानं फिटायचे नाहीत. आणि नेमकं त्यांच्याच दवाखान्यात मला तो शब्द पुन्हा-पुन्हा ऐकावा लागतो.

अल्बिनिझम.

इथं येतात तशी लेकरं. केस पांढरे, पापण्या पांढऱ्या, कातडी दुधासारखी, डोळे एका जागी ठरत नाहीत. खिडकीजवळ बसवलं की आईच्या काखेत तोंड घालतात. आई-बाप डॉक्टरांपुढं गप्प बसतात, पण मी फडका घेऊन बाजूनं गेले की मला सांगायला लागतात. आयाबाईला सगळं सांगता येतं माणसाला. बिदरकडचा एकजण म्हणाला, आमच्यात सूरजमुखी म्हणतात. जुन्या शहरातल्या एका बाईनं 'भूरा' म्हटलं. एका तेलुगू आईनं लाडानं लेकीचं नाव 'दोरसानी' ठेवलं होतं, म्हणजे गोरी मडम. गुलबर्ग्याकडची एक म्हातारी नुसतंच 'बिळी' म्हणायची, पांढरी. आणि एकानं तोंडातल्या तोंडात 'कोढ़' म्हटलं, तर त्याच्या बायकोनं त्याला असं कोपर मारलं की त्याच्या हातातली फाईल खाली पडली. मी ती उचलून दिली. 

मॅडमना मी एकदा विचारलं, तुमच्या इंग्रजी शब्दाचा अर्थ काय? त्या म्हणाल्या, परदेशातल्या कुठल्याशा जुन्या भाषेतला आहे, मुळात अर्थ 'पांढरा' इतकाच. मला चीडच आली. इतक्या लांबनं शब्द आणला आणि अर्थ तोच? आमच्याकडं म्हशीला भुरी म्हणतात, माणसाला सूर्यमुखी म्हणतात — सूर्यमुखी! ज्याला सूर्याकडं तोंडच करता येत नाही त्याला! सगळ्यांना रंग दिसतो. या लेकराला कमी दिसतं, त्याला पुढं बसवा, त्याला मोठी अक्षरं द्या, हे एका तरी भाषेतल्या शब्दात आहे का? मी बारा वर्षं ऐकतेय, मला अजून सापडला नाही.

पण शब्दांवर चिडायचा मला काय हक्क? इथं सगळ्यांना वाटतं की हा शब्द मी दवाखान्यात शिकले. गावाकडंही तसंच वाटतं. तसं नाही. हा शब्द मला तेराव्या वर्षापासून येतो. अगदी स्पष्ट येतो. तीनदा म्हणून घेतला होता माझ्याकडून.

माझा धाकटा भाऊ बिरू. माझ्याहून सहा वर्षांनी लहान.

तो जन्मला तेव्हा सुईणीनं त्याला बाहेर आणलं आणि अंगणातले सगळे मागं सरकले, हे मला आठवतं. मग अण्णा, म्हणजे माझे वडील, आत गेले, देव्हाऱ्यातला भंडारा मुठीत घेऊन आले आणि त्याच्या पांढऱ्या डोक्यावर टाकला. आमच्या कळपात कधीमधी गुलाबी डोळ्यांचं पांढरंफेक कोकरू जन्मतं. ते देवाचं. त्याला विकायचं नाही, कापायचं नाही, कानाला पिवळी चिंधी बांधायची. त्याला उन्हात दिसत नाही, म्हणून दुपारी घोंगडीच्या सावलीला ठेवायचं आणि चालताना गळ्यात घंटी असलेल्या मेंढीच्या मागं लावायचं. हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही, पहिल्यापासून करत आले. अण्णांनी लेकरालाही तोच नियम लावला. "देवाचं लेकरू हाय, नाव बिरदेव ठिवा," म्हणाले, आणि विषय संपला.

म्हणजे बघा, त्यांच्याजवळ शब्द होता. गावातली पोरं बिरूला 'इंग्रज' म्हणायची, 'ए भुऱ्या' म्हणून हाका मारायची, पण घरात तो देवाचा होता. अण्णा त्याला घोंगडीखाली खांद्यावर घेऊन हिंडायचे. जत्रेत तो सगळ्यांच्या पुढं. ज्याच्या ताटात हात घालील त्यातला पहिला घास बिरूचा. मला वाईट वाटायचं का तेव्हा? खरं सांगते, नव्हतं वाटत. मीच त्याला सगळ्यात जास्त कडेवर घेतलेलं.

वाईट वाटायला लागलं ते नंतर. तो सहा वर्षांचा झाला आणि मेंढरांमागं पळायला लागला. एकदा दिवसभर उन्हात राहिला, मान आणि हात भाजून फोड आले, चार दिवस रडला. नंतर एकदा समोरची दगडाची ताल, शेताचा बांध, दिसली नाही, पडला, हनुवटी फुटली. आई-अण्णा मेंढरं घेऊन लोकांच्या शेतात बसवायला जायचे. रात्री कळप शेतात बसला की रानाला खत मिळतं, शेतमालक धान्य देतो. महिना-महिना घर बंद. मग बिरूला घरात, सावलीत धरून कोण बसणार?

मी सातवीत होते. वर्गात माझा वाचनाचा आवाज चांगला म्हणून गुरुजी मला उभं करायचे. भूगोलाचा नकाशा मला पाठ होता. अण्णांनी एके दिवशी भाकरी मोडता मोडता म्हटलं, "छबे, उद्यापास्नं तू बिऱ्याजवळ थांबायचं." गुरुजी विचारायला आले तर अण्णा म्हणाले, "पोरीच्या जातीला सातवी लई झाली की, गुरुजी." गुरुजींनी चहा पिला आणि गेले. इतकंच. मला वाटलं होतं भांडतील.

त्यानंतर वर्षभर मी आणि बिरू. दार लोटलेलं, खिडकीला पोतं लावलेलं. तो अंधारात खेळायचा, मला गोष्टी विचारायचा, आणि मी दाराच्या फटीतनं शाळेतनं सुटलेल्या पोरी बघायचे. तुम्ही म्हणाल, तेरा वर्षांची पोर, राग येणारच. व्हय. राग येणारच. पण रागाचं मी काय केलं, ते सांगायचंय.

भूमला डोळ्यांचं शिबिर लागलं. गावात गाडी फिरवून सांगून गेले. आई-अण्णा तेव्हा दोन गावं पलीकडं एका शेतात मेंढरं बसवून होते. आईनं निरोप धाडला, बिऱ्याला दाखवून आण, तुला वाचता येतंय. मी त्याच्या डोक्यावर माझी ओढणी टाकली आणि एसटीनं घेऊन गेले.

लई गर्दी. सगळे म्हातारे, मोतीबिंदूचे. आम्ही दोन पोरं. डॉक्टरीणबाईंनी बिरूला बघितलं आणि आम्हाला रांगेतनं बाजूला काढून एका अंधाऱ्या खोलीत नेलं. तिथं बिरूनं डोळे उघडले. असे टक्क उघडले, आणि भिंतीवरच्या दिव्याच्या ठिपक्याकडं बघून हसला. बाई गुडघ्यावर बसल्या त्याच्यापुढं. किती वेळ दिला त्यांनी आम्हाला! बाहेर माणसं ओरडत होती, तरी दिला.

मग मला म्हणाल्या — मला सगळं शब्द न् शब्द आठवतं, म्हणूनच तर हे लिहिणं आलं. म्हणाल्या, याला कोड नाही बरं का. कोड वेगळं. हा जन्मानंच असा आहे, कुणाचं पाप नाही, कुणाला लागत नाही. याचे डोळे पूर्ण बरे होणार नाहीत, पण चष्मा मिळेल, काळसर काचेचा. मोठ्या काठाची टोपी घालायची. शाळेत पहिल्या बाकावर, फळ्याजवळ. अक्षरं मोठी काढून द्यायची. आई-वडिलांना घेऊन जिल्ह्याच्या दवाखान्यात या, अपंगाचा दाखला मिळेल. हा शिकेल, चांगला शिकेल. आणि एका चिठ्ठीवर तो शब्द लिहिला, इंग्रजीत आणि खाली मराठीत, आणि माझ्याकडून तीनदा म्हणून घेतला. अल्बिनिझम, अल्बिनिझम, अल्बिनिझम. बिरूपण म्हणाला माझ्यामागं. त्याला मजा वाटली.

निघताना बाईंनी विचारलं, "हुशार आहेस गं. कितवीला?"

मी म्हणाले, "सातवीला."

"छान. मग तूच याला शिकव."

त्या चांगल्याच होत्या. हसून बोलल्या. पण बाहेर उन्हात आले आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमायला लागली. मला शाळेतनं काढलं ते याच्यासाठी. आणि आता हा शाळेत जाणार? हा पहिल्या बाकावर बसणार, आणि मी बाहेर त्याची टोपी घेऊन उभी राहणार?

एसटीत बिरू माझ्या मांडीवर झोपला. मी चिठ्ठी काढली, वाचली, फाडली. बारीक-बारीक केली आणि खिडकीतनं सोडली. इथंपर्यंत पोरबुद्धीचा राग म्हणता येईल. चिठ्ठी हरवली असं मी नंतर सांगू शकले असते. शब्द तर तोंडपाठ होता.

फाट्यावर उतरलो आणि चालत शेतात गेलो. मेंढरं नुकतीच जाळीत घातलेली. अण्णा घोंगडी झटकत होते. त्यांनी विचारलं, "काय म्हनले गं डाक्टर?"

मी म्हणाले, "कोड हाय म्हनले. पांढरं कोड. औषध न्हाय. साळंत घालू नका, दुसऱ्या पोरास्नी लागंल म्हनले."

ही ती ओळ. लिहिली एकदाची.

'लागंल' हे मी का जोडलं? चालता चालता मी हिशेब केला होता. लागणारं दुखणं म्हटलं की वयात येणाऱ्या पोरीला त्याच्याजवळ कोण ठेवील? त्याला आपल्याबरोबर रानात नेतील, आणि मला मोकळं करतील, आणि मी सोमवारी शाळेत. सोमवार, असा वारसुद्धा ठरवला होता मी. अगदी शांत डोक्यानं, बांधावरनं चालत.

तसं काहीच झालं नाही. झालं ते हे. आईनं हातातली परात खाली ठेवली. अण्णा बिरूकडं बघत राहिले. बिरू नेहमीसारखा त्यांच्या घोंगडीत शिरायला गेला आणि त्यांनी — मारलं नाही, ढकललं नाही — फक्त घोंगडी थोडी आवळून घेतली. एवढंच. तो तिथंच उभा राहिला. देवाचं लेकरू म्हणणारा माणूस होता हा! पण त्या माणसाला डॉक्टरचा शब्द देवाच्या शब्दाच्या वर वाटला. आपल्यासारख्यांना तसंच वाटतं. शिकलेल्या माणसानं सांगितलंय म्हणजे खरं. आणि ते शिकलेलं माणूस घरात मीच होते.

दुसऱ्या दिवशी आईनं बिरूला वेगळी ताटली काढली, जर्मनची, काठ वाकलेली. बिरूनं ती दोन्ही हातांत धरून डोळ्यांजवळ नेली आणि विचारलं, "माझी एकट्याची?" त्याला वाटलं बक्षीस मिळालं. दिवसभर वाजवत हिंडला.

त्याला शाळेत घातलं नाही. जत्रेला नेलं तरी गाडीच्या मागं, पडद्यात. घरामागं पत्र्याची खोली केली, तिथं त्याचं अंथरूण. आणि मला शाळेत परत घातलं का? नाही. मी चुलीला लागले. सतरा पुरी झाली तसं अण्णांनी घाईनं लग्न लावलं. माझी सोयरीक चार ठिकाणी मोडली, "पोरीच्या घरात कोड हाय" म्हणून. माझंच खोटं माझ्या दारात येऊन बसलं होतं. तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. शेवटी लांबचं स्थळ बघितलं, बिरूची माहिती नसलेलं. बघायला आले त्या दिवशी बिरूला पत्र्याच्या खोलीत बसवून बाहेरनं कडी लावली. पाहुणे पोहे खात होते आणि आतनं तो हळू आवाजात विचारत होता, "आक्का, गेले का?" मी पदर सारखा केला. लग्नानंतर मालकांना बिरूचं कळलं तेव्हा ते इतकंच म्हणाले, "मग काय झालं?" इतक्या साध्या माणसालाही मी खरं सांगितलेलं नाही.

सुट्टीला जायचे तेव्हा त्याला भेटायचे. तो मोठा होत गेला. तिन्हीसांजेला बाहेर पडून मेंढरं जाळीत घालायचा, हातानं चाचपून कुठली मेंढी कुठली ते सांगायचा, आणि सगळे म्हणायचे, बिऱ्याच्या बोटांना डोळे आहेत. मी पण म्हणायचे. हसायचे पण.

मग मी या दवाखान्यात लागले. आणि इथं लागल्यावर लगेच धावत गेले असेन असं वाटलं ना तुम्हाला? नाही गेले. पुढं कितीतरी वर्षं मी ती लेकरं बघत होते, चष्मे लावून जाताना बघत होते, घरी येऊन भात लावत होते. ती दोरसानी चार वर्षांची. तिला बारका तपकिरी चष्मा लावला आणि तिनं भिंतीवरची अक्षरं एकेक करून वाचली, तेलुगूत, मोठ्यानं, सगळा व्हरांडा ऐकत होता. त्या दिवशी मी बादली तिथंच सोडून जिन्यात जाऊन बसले. मॅडमनी विचारलं, घरी कुणी आहे का असं? मी म्हणाले, शेजाऱ्यांचा मुलगा आहे. बघा — तिथंसुद्धा! मॅडमनी त्या शेजाऱ्याच्या मुलासाठी पत्र लिहून दिलं.

मागच्या वर्षी रजा काढून ते पत्र घेऊन गावी गेले. अण्णा, बिरू आणि मी धाराशिवला जिल्ह्याच्या दवाखान्यात गेलो. बिरू सत्तावीस वर्षांचा, गाडीतनं उतरताना माझ्या खांद्याला धरून. तरुण डॉक्टर होता, मनानं चांगला. तपासलं, आणि कळवळून म्हणाला, "एवढी वर्षं काय करत होता, काका? हा मुलगा सहज शिकला असता."

अण्णा म्हणाले, "साहेब, आमी न्हाई दावलं व्हय? ह्या माझ्या पोरीनं नेलतं भूमला, तेरा वर्साची व्हती बिचारी. तितल्या डाक्टरीनबाईनंच कोड सांगितलं."

"कमाल आहे. काय बघून सांगितलं त्या बाईनं?"

"वाटुळं केलं बघा तिनं माझ्या लेकराचं," अण्णा म्हणाले. "तळतळाट लागंल तिला."

मी खाली बघत होते. फरशीवर कुणाच्या तरी औषधाचा डाग पडला होता, तो मी चपलेनं पुसत होते. गुडघ्यावर बसली होती ती बाई त्याच्यापुढं. तिनं बरोबर सांगितलं होतं. तिला माझ्या बापाचा तळतळाट लागला आणि मी डाग पुसत होते. डॉक्टरनं वर हेही सांगितलं की कोडसुद्धा कुणाला लागत नाही. म्हणजे खरंच कोड असतं तरी वेगळ्या ताटलीची गरज नव्हती. अण्णांनी दोनदा विचारलं, "लागत न्हाई? नक्की?"

चष्मा आला, टोपी आली, दाखला झाला. गावात लोक जमले. एकजण ओरडला, "बिऱ्या, हिरो झालास की लेका!" बिरू त्याच्या अगदी तोंडाजवळ गेला, निरखून बघितलं आणि म्हणाला, "तुज्यापरीस तुजा आवाजच बरा व्हता." सगळे हसले. मी पण हसले.

रात्री जेवायला आईनं त्याला अण्णांच्या शेजारी पाट मांडला. अण्णांनी आपल्या ताटातली भाकरी मोडून त्याच्यापुढं धरली.  बिरूनं घेतली नाही. रागानं नव्हे. संकोचला. म्हणाला, "अण्णा, मला जमंना तसं. माझी ताटली द्या की." आई पदर तोंडाला लावून उठली.

आणि निघताना मला साडी नेसवली. आईनं कुंकू लावलं. अण्णा आल्या-गेल्याला सांगत होते, "आमच्या छबीनं शोधून काढलं. आक्का नसती तर बिऱ्या तसाच ग्येला आसता." सगळे माझ्याकडं बघत होते. मी साडी नेसले. ना म्हटलं नाही. गाडीत बसेपर्यंत अंगाला काटे टोचल्यासारखं होत होतं, पण नेसले, आणि इथं आल्यावर शेजारणीला दाखवलीसुद्धा.

गेल्या महिन्यात बिरूचा फोन आला. तो अधूनमधून करतो, मेंढरांचं सांगतो, माझ्या पोरीशी बोलतो. त्या दिवशी मेंढरांचं सांगून झालं. मग म्हणाला, "आक्का, एक इचारू? त्या भूमच्या बाईनी तवा एक शबूद शिकवलता न्हवं आपल्याला? तीनदा. मला आठवतंय तसं. दवाखान्यात त्यो डाक्टर बोलला तवा मला वाटलं, ह्यो तर आयकलाय. त्योच व्हता का?"

बघा, बारीक पोर होतं ते. सात वर्षांचं. मजा म्हणून माझ्यामागं म्हणालं होतं, आणि ते त्याच्या कानात एकवीस वर्षं राहिलं.

मी म्हणू शकले असते. फोनवर होते, समोर नव्हते. तो एकटा होता, मीपण एकटीच होते. मी म्हणाले, "न्हाई रं. तुला सपान पडलं आसंल. त्या बाईनी आसं काय न्हाई शिकवलं."

"बरं," तो म्हणाला. "मला वाटलं आपलं."

तेव्हा मी तेरा वर्षांची नव्हते. चौतीस वर्षांची होते. कुणी मला कुठनं काढलेलं नव्हतं. पोटाला होतं, अंगावर साडी होती, पोर शाळेत होती.

बिरू आता अक्षरं शिकतोय. गावातला एक मास्तर वहीच्या पानावर एकेक अक्षर भाकरीएवढं काढून देतो. 'ब'पर्यंत आलाय. मराठीतला छापलेला मजकूर वाचायला त्याला अजून वर्ष-दोन वर्षं लागतील असं मास्तर म्हणतो.

ते विचारून घेतल्यावरच मी हे लिहायला बसले.